पंचाहत्तर ते ब्याण्णवच्या मधल्यांसाठी: सीईटीनंतर कॉलेज कसं निवडायचं

मावसभावाचा फोन आला तेव्हा त्यानं मुलाचा स्कोअर लगेच सांगितला नाही. विट्यातला पाऊस झाला, मावशीचे गुडघे झाले, मग खाकरून म्हणाला, "पोराचे ऐंशीच्या वर आहेत." वर म्हणजे किती, हे तीनदा विचारल्यावर कळलं: ८४.३. सांगताना आवाज असा, जणू पोरगा नापास झालाय.

मी एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. त्यामुळे जून-जुलैत नात्यागोत्यात माझा भाव वधारतो, एरवी लग्नात ओळखसुद्धा नीट देत नाहीत. फोन करणाऱ्यांत नव्व्याण्णववाले कमीच. त्यांना पुण्यातलं सीओईपी की मुंबईतलं व्हीजेटीआय एवढंच ठरवायचं असतं, आणि ते न विचारताही सगळ्यांना सांगून झालेलं असतं. खरी ओढाताण पंचाहत्तर ते ब्याण्णवच्या मधल्या मुलांची. त्यांना कॉलेज मिळत नाही असं नाही. ढिगानं मिळतात, आणि त्यातलं कुठलं घ्यायचं हे सांगणारा आकडा कुठे छापलेला नसतो.

आधी ८४.३ म्हणजे काय ते बघू, कारण घरात पहिलं भांडण त्यावरूनच होतं. हे टक्के नव्हेत, पर्सेंटाइल आहे. एमएचटी-सीईटीचा पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा असतो: गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे. परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा सत्रांत चालते आणि दर सत्राला पेपर वेगळा. मंगळवारचा अवघड निघाला, बुधवारचा सोपा, तर गुणांची थेट तुलना अन्यायाची होईल. म्हणून प्रत्येकाला त्याच्याच सत्रातल्या मुलांशी ताडून बघतात. ८४.३ म्हणजे त्या सत्रातल्या शंभरातली साधारण ८४ मुलं याच्याइतके किंवा याच्यापेक्षा कमी गुण मिळवणारी. हा रांगेतला नंबर आहे. पोराला किती येतं, हे त्यातून कळत नाही.

आता रांग किती लांब? २०२५ मध्ये पीसीएमची परीक्षा सव्वाचार लाखांच्या आसपास मुलांनी दिली. ८४.३ च्या पुढे त्या हिशेबानं सहासष्ट हजारांच्या घरात मुलं. हे ऐकून मावसभाऊ फोनवर गप्पच झाला. मग मी दुसरा आकडा सांगितला: त्याच वर्षी राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा दोन लाखांच्या आसपास होत्या. शिवाय पुढच्या सहासष्ट हजारांतले कितीतरी जण आयआयटी-एनआयटीला, खाजगी विद्यापीठांत किंवा भलत्याच कोर्सला जातात. कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, तिचा अर्जच ते भरत नाहीत, आणि राज्याची मेरिट लिस्ट फक्त अर्ज भरणाऱ्यांची लागते. म्हणजे सीट मिळेल का, याची काळजी सोडून द्यायची. मेरिट लिस्ट लागली की स्वतःचा मेरिट नंबर वहीत लिहून ठेवायचा आणि पुढची सगळी तुलना शक्यतो त्याच नंबरावर करायची. परीक्षा देणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीचे ८४ आणि यंदाचे ८४ एक नव्हेत.

कटऑफची पीडीएफ

सीईटी सेल, म्हणजे ही परीक्षा आणि प्रवेश बघणारं सरकारी कार्यालय, दर फेरीनंतर कटऑफची यादी टाकतं. शेकडो पानांची पीडीएफ, अक्षर मुंगीएवढं. प्रत्येक कॉलेजला कोड असतो आणि त्याचा पहिला आकडा विभाग सांगतो: १ अमरावती, २ छत्रपती संभाजीनगर, ३ मुंबई, ४ नागपूर, ५ नाशिक, ६ पुणे. अलीकडे त्याच्या पुढे एक शून्य लावतात, त्यानं गोंधळू नका. खाली शाखेगणिक तक्ता आणि तक्त्याच्या डोक्यावर विचित्र शब्द: जीओपनएच, जीओपनओ, जीओपनएस, एलओपनएच. पहिलं जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. आणि शेवटचं एक अक्षर, ज्याकडे कुणी बघत नाही, तेच सगळ्यात महागात पडतं. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे होम युनिव्हर्सिटीबाहेरचे, एस म्हणजे राज्यपातळी.

आमच्या पुतण्यानं, म्हणजे मावसभावाच्या याच पोरानं, त्या अक्षराकडे बघितलंच नव्हतं. मोठ्या मेहनतीनं वहीत पुण्यातल्या बावीस शाखांचे कटऑफ उतरवलेले, हिरव्या शाईनं 'नक्की' आणि निळ्यानं 'बहुतेक' अशा खुणा. सगळे आकडे जीओपनएच या रकान्यातले. आणि पोरगा बारावी झालेला सांगली जिल्ह्यात. होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावीचं कॉलेज कुठे आहे त्यावरून. सांगली, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांना शिवाजी विद्यापीठ. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या हद्दीत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत साधारण ७० टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या मुलांना, ३० टक्के बाहेरच्यांना. म्हणजे पुण्यात त्याची लढत ओ रकान्यात, तिकडे जागा कमी आणि सगळ्या महाराष्ट्राची पोरं पुण्याला यायला टपलेली. वही परत उघडली. हिरव्या खुणांपैकी बऱ्याच निळ्या झाल्या, काही पुसल्या गेल्या. उलट कोल्हापूर-सांगलीकडच्या कॉलेजांत, जिकडे त्यानं पाहिलंच नव्हतं, तो एच रकान्यात होता.

प्रत्येक चौकटीत वर मेरिट नंबर असतो आणि खाली कंसात पर्सेंटाइल. त्या फेरीत त्या जागेवर शिरलेल्या शेवटच्या मुलाचे ते आकडे. रांग तिथे थांबली, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या फेरीचा कटऑफ पाहून नाउमेद होऊ नये. शेवटच्या फेरीचाही बघावा, आणि एका वर्षाचा न बघता दोन-तीन वर्षांचा बघावा.

भाव कशाचा आहे

आता मला जे खरं सांगायचंय ते. नव्व्याण्णवच्या वरती कटऑफ आणि कॉलेजचा दर्जा बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात. मधल्या पट्ट्यात तसं नाही. तिथे कटऑफ हा गावाचा आणि शाखेच्या नावाचा बाजारभाव असतो. पुण्याच्या बाहेरच्या बाजूला, आयटी पार्कच्या बसच्या रस्त्यावर असलेलं नवखं कॉलेज आणि 'कॉम्प्युटर' हा शब्द एकत्र आले की रांग लांबते. तीच फी, तेवढीच शिक्षकसंख्या, कदाचित जास्त जुनी प्रयोगशाळा असलेलं कॉलेज जिल्ह्याच्या गावात असेल तर पाच-सात पर्सेंटाइलनं खाली बंद होतं. या फरकात शिकवण्याचा वाटा किती? मी आत बसून सांगतो, फार थोडा.

मधल्या स्कोअरवाल्यानं या फरकाचा फायदा घ्यायला हवा, तर तो नेमका उलटं करतो: पुण्यात जे शेवटचं मिळेल ते घेतो.

सरकारी आणि जुनी कॉलेजं आधी बघा. कराड आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी कॉलेजं १९६० ची, अमरावतीचं १९६४ चं. नांदेडचं एसजीजीएस, जळगाव आणि चंद्रपूरची सरकारी कॉलेजं, लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, शिवाय यवतमाळ, अवसरी. तिथली कॉम्प्युटर कदाचित हाताला लागणार नाही; पण सिव्हिल, मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रिकल यांचे आकडे काढून बघा. एकाच कॉलेजात दोन शाखांच्या कटऑफमध्ये केवढी दरी असते ते बघून अनेकांचे डोळे मोठे होतात. फी खाजगीच्या मानानं कमी, आणि बाहेर पडल्यावर यातल्या जुन्या कॉलेजांचे चाळीस वर्षांतले माजी विद्यार्थी कुठे ना कुठे बसलेले असतात. त्याची किंमत तिसऱ्या वर्षी इंटर्नशिप शोधताना कळते.

मी मेकॅनिकलचा माणूस, म्हणून मेकॅनिकल विकतोय असं वाटू नये. कोअर, म्हणजे मेकॅनिकल-सिव्हिलसारख्या शाखांत सुरुवातीचा पगार पुष्कळदा आयटीपेक्षा कमी असतो, पहिली नोकरी चाकणच्या शॉप फ्लोअरवर शिफ्टमध्ये असू शकते, आणि ज्याला कोडिंगच आवडतं त्यानं माझ्या सांगण्यावरून सिव्हिल घेऊ नये. पण ज्याला कशाचीच विशेष ओढ नाही, फक्त 'स्कोप' म्हणून कॉम्प्युटर पाहिजे, त्यानं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोठ्या संख्येनं भरती करणाऱ्या आयटी कंपन्या बहुतेक वेळा सगळ्याच शाखांच्या मुलांना परीक्षेला बसू देतात. आणि कॉम्प्युटरच्या जागा आता काही दुर्मिळ राहिलेल्या नाहीत. एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांसाठी शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली, आणि ठिकठिकाणी एआय अँड डेटा सायन्सच्या तुकड्या उगवल्या. आमच्या मजल्यावर वर्कशॉपशेजारी एक मापन प्रयोगशाळा होती. एका मे महिन्यात तिथली यंत्रं गोडाऊनला गेली, तिथे ऐंशी संगणक आले आणि दारावर नवी पाटी. पाटी आठवड्यात तयार झाली. तो विषय शिकवणारा माणूस मिळायला पुढचं सत्र उजाडलं.

कॉम्प्युटर, आयटी, एआय-डीएस, एआय-एमएल, आयओटी या नावांत फार अडकू नका. पहिली दोन वर्षं बरंचसं तेच शिकतात. कॉलेजात शाखेच्या पहिल्या बॅचा बाहेर पडल्यात का, एवढं मात्र विचारा. न पडलेल्या शाखेच्या प्लेसमेंटचा आकडा कुणी सांगत असेल तर तो दुसऱ्या शाखेचा आहे.

फॉर्म भरायचा कसा

पसंतीक्रमाच्या अर्जाभोवती जेवढ्या अफवा आहेत तेवढ्या तर पत्रिकेभोवतीही नसतील. सगळ्यात चिवट अफवा: वर अवघड कॉलेज लिहिलं की खालचं सोपं हातचं जातं. असं होत नाही. संगणक मेरिट लिस्टमधला पहिला मुलगा घेतो, त्याची यादी वरून खाली वाचतो, जिथे त्याला बसणारी जागा रिकामी दिसेल ती देतो आणि दुसऱ्याकडे जातो. तुमचा नंबर येईल तेव्हा तुमची यादी तशीच वरून वाचली जाते. पहिल्या दहा ठिकाणी जागा नसेल तर तो अकराव्यावर येतो, आणि तुम्ही ते अकराव्या जागी लिहिलं म्हणून मागच्या मुलाला तुमच्या आधी देत नाही. तेव्हा क्रम फक्त स्वतःच्या आवडीचा लावायचा. कटऑफ बघून चढउतार लावत बसायचं कारण नाही.

पण एक खोड आहे, आणि ती २०२५-२६ पासून जास्त टोचते. त्या वर्षी फेऱ्या तीनच्या चार झाल्या आणि नियम असा आला: पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलंही मिळालं तर तेच. तिसऱ्यात पहिल्या सहापैकी. याला मुलं ऑटो फ्रीज म्हणतात. नको म्हणालात तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे वरच्या सहा ओळींत 'बघू तरी काय होतंय' म्हणून काहीही लिहायचं नाही. बॅग भरून जाल अशीच सहा नावं तिथे. त्याखाली मिळालं तर सीट स्वीकारून बेटरमेंटसाठी थांबता येतं. पुढच्या फेरीत वरचं काही मिळालं की आधीची जागा आपोआप सुटते, दोन्हींतून निवडायला मिळत नाही. हे नियम दरवर्षी थोडे हलतात, तेव्हा त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचा. सायबर कॅफेवाल्याच्या तोंडी नियमावर जाऊ नका. तो गेल्या वर्षीचा असतो.

यादी लांब भरा. तीनशेपर्यंत पर्याय देता येत होते, पुतण्यानं बावीस भरले होते. मी म्हटलं, साठ कर. खालचे दहा-बारा असे, की जिथे गेल्या वर्षी तुझ्यापेक्षा बऱ्याच मागचा मुलगा शिरलाय. ते आवडीचे नसतील, पण जे अजिबातच नको ते मात्र साठाव्या जागीही नको.

कागदपत्रांवर फार लिहीत नाही, एकच सांगतो. नॉन-क्रिमिलेअर दाखला पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेला लागतो, आणि जात वैधता प्रमाणपत्राची 'पावती आहे' हे सगळ्यांचं उत्तर असतं. तहसीलच्या रांगेत मे महिन्यातच उभे राहा.

पैशाचं

इथे घराघरांत खोटं बोललं जातं. बाप म्हणतो, फीचं तू बघू नकोस. बघायला हवं. खाजगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजगणिक ती दिसते. कॉलेजचा फोनवरचा आकडा आणि तो आकडा शेजारी ठेवून बघा.

उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून, जिला सगळे ईबीसी म्हणतात, खुल्या गटातल्या मुलांची निम्मी ट्यूशन फी सुटते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्न मर्यादेत २०२४-२५ पासून पूर्ण ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे. समजा ट्यूशन फी लाखभर आहे, तर मुलाचे पन्नास हजार आणि मुलीचे लाख वाचतात. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस हे वेगळंच, त्याची माफी नाही. आणि हे सगळं कॅपमधून प्रवेश असेल तरच. कॉलेजच्या स्वतःच्या कोट्यातून घेतला की सवलत गेली. दरवर्षी सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर फॉर्म भरायचा, तो विसरला तरी गेली.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम, हे वेगळं प्रकरण. पाच टक्के जादा जागा, ट्यूशन फी पूर्ण माफ, उत्पन्न मर्यादा आठ लाखच. त्याचा पर्याय क्रमांक वेगळा असतो, तो यादीत वेगळा लिहावा लागतो; नुसती पात्रता असून भागत नाही. कटऑफ साहजिकच चढा. मधल्या स्कोअरला आवडीच्या शाखेत तो क्वचित लागतो, पण छोट्या गावच्या कॉलेजात लागतो, आणि चार वर्षांचे दोन-चार लाख वाचतात. पुढे शाखा किंवा कॉलेज मात्र बदलता येत नाही.

जुलैत 'सीट करून देतो' म्हणणारे फोन येतील. कॅपिटेशन फी घेणं या राज्यात १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि ८४ ला जे कॉलेज कॅपमधून मिळतच होतं, त्याचेच पैसे घेणारे महाभाग मी पाहिलेत.

जाऊन बघा, पण कामाच्या दिवशी

ओपन हाऊसला जाऊ नका. त्या दिवशी आम्हीही टाय लावतो. साध्या मंगळवारी अकरा वाजता जा. गेटसमोरच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाची पोरं असतात. त्यांना 'कॉलेज कसंय' विचारू नका, सगळे बेकार म्हणतात, ते आमच्याकडचं अभिवादन आहे. विचारा: आज सकाळी किती तास झाले? गेल्या वर्षी शिकवणारे सर यंदा आहेत का? प्रॅक्टिकलला एका यंत्रावर किती जण? सबमिशनच्या फाइली कुठून उतरवता? उत्तरं हसत हसत येतात आणि खरी येतात.

प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरचा मोठा पगार एका मुलाचा असतो. त्याच फ्लेक्सवर एकाच मुलीला तीन ऑफर असतील तर ती तीनदा मोजलेली असू शकते. त्यापेक्षा घरबसल्या एक काम करा. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीत, भाग घेणारी कॉलेजं स्वतः दिलेली माहिती संकेतस्थळावर ठेवतात, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. त्या पीडीएफमध्ये एक तक्ता असतो: पहिल्या वर्षी किती घेतले, वेळेत किती पास झाले, त्यातले किती नोकरीला लागले, मधला पगार किती, पुढे शिकायला किती गेले. मधला म्हणजे मीडियन: सगळे पगार ओळीनं लावले तर बरोबर मधे येणारा. आपलं पोरगं मधलंच आहे, तेव्हा हाच आकडा त्याचा. आणि ज्या कॉलेजात तीनशे आत गेले आणि वेळेत एकशे साठ बाहेर आले, तिथला पगाराचा आकडा मी वाचतच नाही.

दर्जाची मानांकनं दोन: नॅक कॉलेजला मिळतं, एनबीए शाखेला. 'आमच्याकडे एनबीए आहे' म्हणाले की कुठल्या शाखेला आणि कधीपर्यंत, हे विचारा.

पुतण्याची साठची यादी रविवारी रात्री लॉक झाली. पहिल्या फेरीत त्याला सातव्या पसंतीचं मिळालं: इलेक्ट्रिकल, घरापासून दोन तासांवर, जुनं कॉलेज. मावसभाऊ पेढे घ्यायला निघाला होता; पोरानं थांबवलं, सीट स्वीकारली आणि बेटरमेंटला ठेवली. दुसऱ्या फेरीआधी मी एवढंच म्हटलं की आता वरची तीन नावं परत वाच, कारण यातलं मिळालं की सुटका नाही. रात्री साडेअकराला मेसेज आला: "काका, दोन नंबरचं काढून टाकलं. तिथल्या दोन मुलांशी बोललो, मेस फार वाईट आहे म्हणे."

चालेल. चार वर्षं जेवायचं त्यालाच आहे.